जरा थांबून ऐकशील?

तुमच्या मोबाइलच्या गॅलरीत आईचे फोटो किती आहेत? शंभर? पाचशे? आणि तिचा आवाज किती आहे? ‘येताना कोथिंबीर आण’ अशा दोन-चार व्हॉइस नोट्स सापडल्या तरी तुम्ही नशीबवान. चेहरे आपण जपून ठेवतो, आवाज गृहीत धरतो. तो काय, रोजच कानावर पडतोय. सकाळी ‘ऊठ, आठ वाजले’पासून रात्री ‘ठेव आता तो मोबाइल’पर्यंत.

पण काही माणसांचा आवाज हळूहळू जातो. सर्दीने बसलेला आणि आठवड्यात परत आलेला घसा वेगळा. हा वर्षा-दोन वर्षांत थोडा थोडा कमी होत जातो. इतका सावकाश, की घरातल्यांना कळायला वेळ लागतो आणि कधीकधी बोलणाऱ्यालासुद्धा. १६ एप्रिलला ‘जागतिक आवाज दिन’ असतो. त्या दिवशी गायकांबद्दल, आरजेंबद्दल बरंच वाचायला मिळतं. आज मात्र ज्यांचा आवाज निघून चाललाय, त्यांच्याबद्दल बोलूया. ते काय करतात, आणि त्यांच्या शेजारी बसलेल्या तुम्ही-आम्ही काय करायचं?

आधी फोन सुटतो

आवाज कमी होऊ लागलेल्या माणसाकडे नीट पाहिलंत, तर सगळ्यात आधी त्याचा फोन सुटलेला दिसतो. समोरचा ‘हॅलो, हॅलो, आवाज येत नाहीये’ म्हणत राहतो, नाहीतर ‘बरं नाहीये का?’ असं विचारतो. दर वेळी तेच उत्तर द्यायचा कंटाळा येतो. मग फोन मुलाच्या हातात जातो. ‘तूच बोल.’

पुढे बाहेरचं जग आखडतं. एसटीत कंडक्टरला ‘पावस, एक’ सांगायचं तर इंजिनाच्या वर आवाज काढावा लागतो. रिक्षावाल्याला ‘मारुती मंदिर’ सांगायचं तर पुढे वाकावं लागतं. मिरकरवाड्याला मासळी घ्यायला गेलात, तर तिथल्या गलक्यात हळू बोलणाऱ्याकडे कोण बघणार? माणूस मग सुट्टे पैसे हातात ठेवून बोटं दाखवायला शिकतो.

आणि मग सुटते ती मस्करी. जोक वेळेवर पडला तरच जोक. चार जणांच्या गप्पांत शब्द बाहेर यायला दोन सेकंद उशीर झाला, की विषय पुढे गेलेला असतो. ‘काय म्हणालीस?’ असं तीनदा विचारल्यावर सांगितलेल्या जोकला कोण हसणार? तिथून ‘काही नाही, जाऊ दे’ हे वाक्य सुरू होतं. आवाज अजून बराचसा शिल्लक असतो, पण माणूस आधीच गप्प व्हायला लागतो. खरी गोम इथे आहे.

गळ्यात नेमकं काय होतं?

थोडं विज्ञान. आपल्या स्वरयंत्रात स्वरतंतूंची एक जोडी असते. फुप्फुसातून वर येणाऱ्या हवेने ती थरथरते आणि आवाज निघतो. पुरुषांच्या आवाजात ही थरथर सेकंदाला साधारण १०० ते १२५ वेळा होते, बायकांच्या आवाजात २०० च्या आसपास. त्या आवाजाचे शब्द होतात ते जीभ, ओठ, टाळू, दात यांच्यामुळे. म्हणजे ‘आवाज जातो’ असं आपण एकाच वाक्यात म्हणतो, पण बिघाड वेगवेगळ्या ठिकाणी असू शकतो. स्वरतंतूंवर, त्यांना हलवणाऱ्या नसांमध्ये, मेंदूत, फुप्फुसाच्या जोरात, नाहीतर जिभेत.

कारणंही तितकीच वेगवेगळी. सतत ओरडून बोलल्याने स्वरतंतूंवर गाठी येतात. शिक्षक, फेरीवाले, गायक यांच्यात हे नेहमी दिसतं. आपल्या कोकणात तर पाऊसच शत्रू होतो. रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जुलै महिन्यात पत्र्याखालच्या वर्गात उभं राहून पाढे शिकवून बघा. भोवती गोंगाट असला की माणूस नकळत आवाज चढवतो. एत्येन लोंबार या फ्रेंच डॉक्टरने १९११ साली हे दाखवून दिलं, म्हणून त्याला ‘लोंबार परिणाम’ म्हणतात. बाईंना ते नाव माहीत नसतं. संध्याकाळी घसा दुखतो, एवढं माहीत असतं.

याशिवाय पोटातलं आम्ल वर येऊन घशाला लागतं. थायरॉइडच्या ऑपरेशननंतर एखाद्या वेळी स्वरयंत्राची नस दुखावते. स्वरयंत्राची डावी नस तर खाली छातीत उतरते आणि महारोहिणीला वळसा घालून परत वर येते. त्यामुळे छातीतल्या गाठीची पहिली खूणसुद्धा घोगरा आवाज असू शकते. तंबाखू, गुटखा, बिडी आणि आपल्याकडच्या बायकांची मिश्री यांनी तोंडाचा आणि घशाचा कॅन्सर होतो, हे वेगळं सांगायला नको. पार्किन्सन्स आणि एएलएस म्हणजे मोटर न्यूरॉनचा आजार, हे दोन्ही मज्जासंस्थेच्या बाजूने बोलणं हिरावतात.

म्हणून एक गोष्ट पाठच करून टाका. सर्दी-खोकला नसताना तीन आठवड्यांच्या वर आवाज घोगरा राहिला, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जायचं. ते दुर्बीण घालून स्वरतंतू बघतात. पाच-दहा मिनिटांचं काम असतं. आल्याचा रस, ज्येष्ठमध, खडीसाखर हे सगळं चालू दे, पण दुर्बीण आधी.

आत्याची पाटी

माझी आत्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. दोन शिक्षकी शाळा, एका खोलीत दोन-दोन वर्ग. निवृत्त झाल्यावर तिचा आवाज खाली खाली जायला लागला. ‘मास्तरकीचा घसा,’ असं तीच म्हणायची. घशाच्या डॉक्टरांनी बघितलं तर स्वरतंतू ठीक होते. त्यांनी तिला हात पुढे करायला सांगितलं, चालायला सांगितलं आणि मेंदूच्या डॉक्टरांकडे पाठवलं. निदान निघालं पार्किन्सन्स.

या आजाराची एक चमत्कारिक गोष्ट अशी, की बोलणाऱ्याला आपला आवाज नेहमीसारखाच वाटतो. आत्या काकांना म्हणायची, ‘तुमचेच कान गेलेत.’ काका खरंच कान तपासून आले! दोघांचं यावरून महिनाभर वाजत होतं. कारण समजलं तेव्हा निम्मं भांडण मिटलं.

यासाठी एक थेरपी आहे. १९८७ साली अमेरिकेत ती सुरू झाली आणि तिला ली सिल्व्हरमन या पार्किन्सन्सच्या एका रुग्ण बाईचं नाव आहे. घरच्यांची इच्छा एवढीच होती, की तिचं बोलणं आपल्याला ऐकू यावं आणि समजावं. आठवड्याचे चार दिवस, असे चार आठवडे मोठ्याने बोलायचा सराव करायचा. उच्चार, वेग, श्वास असं दहा गोष्टींकडे लक्ष द्यायचं नाही. फक्त मोठ्याने. ज्याला आपला आवाज नेहमीसारखा वाटतो, त्याला ‘मी ओरडतोय’ असं वाटायला लागलं, की तो बाकीच्यांना बरोबर ऐकू येतो. आत्या महिन्यातून एकदा थेरपिस्टकडे जाते आणि बाकी सराव व्हिडिओ कॉलवर करते. सकाळी खळ्यात उभी राहून लांब ‘आऽऽ’ लावते. शेजारच्यांना आता सवय झालीये.

बाकी तोडगे तिचे स्वतःचे. हाक मारायला स्टीलची वाटी आणि चमचा. गोळीचा असर चांगला असतो ती सकाळची दोन-तीन तासांची वेळ महत्त्वाच्या बोलण्यासाठी राखीव. बँकेचं, डॉक्टरांचं जे काही असेल ते तेव्हाच. बसायला खिडकीसमोरची खुर्ची, म्हणजे उजेड तोंडावर पडतो आणि ओठ दिसतात. आणि अगदीच नाही जमलं तर पाटी. खरीखुरी पाटी-पेन्सिल. फोनवर टाइप करायला तिची बोटं थरथरतात, पाटीवर मोठं अक्षर काढता येतं.

अवघड गेला तो गणपती. आमच्या घरात आरतीला सुरुवात करायचा मान तिचा. एका वर्षी ती मागे जाऊन उभी राहिली. पुढच्या वर्षी तिने झांज हातात घेतली. आता ठेका ती धरते. ती वाजवायला लागली की आरती सुरू, ती थांबली की पुढची. चाल घाईत पळायला लागली की झांजेच्या एका ठोक्यात सगळ्यांना जागेवर आणते. वर्गावर जशी आणायची तशीच!

उरलेल्या आवाजाची गायकी

‘गेलेला आवाज मोजत बसू नका, उरलेला वापरा,’ असं आत्याची थेरपिस्ट म्हणते. ऐकायला हे सुविचारासारखं वाटतं, पण हे करून दाखवलेला एक माणूस आपल्यापासून फार लांब नव्हता. आंबा घाट चढून गेलं की कोल्हापूर. तिथे शाहू महाराजांच्या दरबारात उस्ताद अल्लादिया खाँ गायचे.

खाँसाहेबांचा जन्म १८५५ चा, राजस्थानातल्या उनियाराचा. तरुणपणी आमलेटा नावाच्या छोट्या संस्थानात असताना त्यांना दिवसेंदिवस सलग गावं लागलं आणि आवाज फुटला. गाणाऱ्याचा आवाजच गेला म्हणजे संपलंच की! बऱ्याच काळाने आवाज परत आला, पण पूर्वीचा गोडवा आणि झेप परत आली नाही. खाँसाहेबांनी जुनं गाणं त्या आवाजावर लादलं नाही. आहे त्या आवाजाला पेलेल अशी गायकी त्यांनी घडवली. आकार, लयीच्या अंगाने जाणाऱ्या गुंतागुंतीच्या ताना, अनवट राग. तिलाच आपण आज जयपूर-अत्रौली घराणं म्हणतो. १९४६ साली मुंबईत ते गेले, तोवर केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर अशा शिष्या तयार झाल्या होत्या.

यातल्या केसरबाईंनी गायलेली भैरवी १९७७ साली ‘व्हॉयेजर’ यानांवरच्या सोनेरी तबकडीवर चढली. ती यानं आता सूर्यमालेच्या वेशीपलीकडे आहेत. फुटलेल्या आवाजातून उभं राहिलेलं गाणं तिथवर पोचलंय.

शब्द अस्पष्ट, सभा भरलेली

‘ते कलाकार होते हो,’ असं कुणी म्हणेल. मग एक रोजचं उदाहरण घ्या. राजकीय मतं क्षणभर बाजूला ठेवा. २००४ च्या लोकसभा निवडणुकीच्या काळात शरद पवारांना तोंडाचा कॅन्सर झाल्याचं कळलं. ऑपरेशन आणि रेडिएशन झालं. तंबाखूच्या सवयीची ही किंमत असल्याचं ते स्वतः जाहीरपणे सांगत आलेत. त्यानंतर त्यांचे उच्चार बदलले, तोंडाची ठेवण बदलली. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला काही शब्द लागत नाहीत.

पण त्यांनी सभा सोडल्या नाहीत. १८ ऑक्टोबर २०१९ ला साताऱ्यात भर पावसात, वयाच्या ७८ व्या वर्षी केलेलं त्यांचं भाषण तुमच्यापैकी अनेकांच्या स्टेटसवर होतं. मला यात बोलणाऱ्याइतकाच ऐकणाऱ्यांचा भाग मोठा वाटतो. महाराष्ट्राने त्या उच्चारांची सवय करून घेतली. शब्द लागला नाही तर लोक थांबतात, पुढच्या वाक्यावरून लावून घेतात. नेत्यासाठी आपल्याला हे जमतं. घरातल्या आजोबांसाठी जमतं का?

स्वरयंत्रच काढल्यावर

स्वरयंत्राचा कॅन्सर वाढलेला असेल, तर कधीकधी ते पूर्ण काढावं लागतं. त्यानंतर माणूस गळ्याला केलेल्या छिद्रातून श्वास घेतो. ऐकायला भीती वाटते, पण पुन्हा बोलण्याच्या तीन वाटा आहेत. हवा अन्ननलिकेत घेऊन ढेकरासारखी बाहेर सोडत बोलायला शिकायचं. गळ्याला लावायचं बॅटरीवरचं यंत्र वापरायचं, त्याचा आवाज रोबोसारखा येतो. किंवा श्वासनलिका आणि अन्ननलिकेच्या मध्ये एक छोटी झडप बसवून घ्यायची.

ही झडप परदेशातून आणली तर हजारो रुपयांना पडते आणि ती बदलत राहावी लागते. बंगळुरूचे कॅन्सर सर्जन डॉ. विशाल राव यांनी एका मित्राच्या मदतीने तशीच झडप तयार केली. तिचं नाव ‘ओम’ आणि किंमत ५० रुपयांच्या आसपास. ज्याला परत बोलायचंय त्याच्यासाठी ५० रुपये आणि काही हजार यांत केवढा फरक आहे, ते सांगायला नको. आणि उपचारांना दर वेळी मुंबईच गाठावी लागते असंही नाही. आपल्याच जिल्ह्यात डेरवणच्या वालावलकर रुग्णालयात कॅन्सरवर उपचार होतात.

यंत्राचा आवाज, आपली बोली

आता टेक्नॉलॉजीकडे. स्टीफन हॉकिंग यांना वयाच्या २१ व्या वर्षी, १९६३ साली एएलएसचं निदान झालं. बोलणं हळूहळू इतकं अस्पष्ट झालं, की फक्त जवळच्यांना कळायचं. ती माणसं त्यांचं वाक्य पुन्हा मोठ्याने सांगायची. १९८५ मध्ये न्यूमोनिया झाला, गळ्याला छिद्र करावं लागलं आणि उरलासुरला आवाजही गेला. त्यानंतर जगाला माहीत झाला तो त्यांचा यांत्रिक आवाज.

तो आवाज मुळात कुणाचा होता, माहितीये? डेनिस क्लॅट या अमेरिकन शास्त्रज्ञाचा. क्लॅट यांनी स्वतःच्या आवाजावरून संगणकाचा आवाज बांधला. पुढे थायरॉइडच्या कॅन्सरमुळे त्यांचा स्वतःचाच आवाज गेला आणि १९८८ साली ते वारले. हॉकिंग मात्र २०१८ पर्यंत त्या आवाजात बोलत राहिले. मधल्या काळात जास्त नैसर्गिक आवाज आले, पण त्यांनी ते घेतले नाहीत. ‘हाच माझा आवाज,’ अशी त्यांची भूमिका होती.

आता तर आवाज जायच्या आधीच साठवून ठेवता येतो. ॲपलने २०२३ मध्ये एक सोय आणली. तेव्हा १५० वाक्यं वाचून दाखवावी लागायची, साधारण १५ मिनिटं, की फोन तुमच्यासारख्या आवाजात बोलू लागायचा. सुरुवात इंग्रजीपासून झाली. मराठीत टाइप केलेलं वाचून दाखवणारे आवाज अँड्रॉइड फोनवर आहेत, तेही फुकट. चित्रांवर बोट ठेवून बोलायचं ‘जेलो’ हे ॲप तर आयआयटी मुंबईने तयार केलंय आणि त्यात मराठीही आहे.

पण फोनमधला तो आवाज पुस्तकी मराठी बोलतो. आपल्या घरातली बोली, हेल, शेवटचं लांबवलेलं ‘गोऽ’ त्याला कुठून येणार? यावर एक साधा उपाय आहे. त्याला ‘संदेशांची बँक’ म्हणता येईल. मशीनने आवाज बनवायचा नाही, माणसाचीच नेहमीची वाक्यं त्याच्याच आवाजात रेकॉर्ड करून ठेवायची. अमेरिकेत बोस्टनच्या मुलांच्या रुग्णालयात आवाज जाणार असलेल्या मुलांसाठी ही पद्धत वापरली गेली.

आत्याने आमच्या फोनवर अशी बँक उघडलीये. त्यात ‘चहा टाक’ आहे, ‘पाऊस येतोय, वाळवण उचला’ आहे, काकांसाठीचं खास ‘पुरे आता’ आहे. निमकी-पावकीचे पाढे आहेत, नातवंडांसाठी. घरातल्या प्रत्येकाला ती जशी हाक मारते तशा सगळ्या हाका आहेत. माझं घरातलं नाव ती दोन वेगवेगळ्या सुरांत घेते, एक लाडाचा आणि एक रागाचा. तिने दोन्ही रेकॉर्ड केलेत.

ऐकणाऱ्याचं काम

आवाज कमी होतोय तो त्यांचा, पण अर्धं काम आपलं आहे. थेरपिस्टकडून आणि आत्याकडून शिकलेल्या या काही गोष्टी. आजपासून करता येतील.

टीव्ही म्यूट करा, पंखा कमी करा, मिक्सर बंद करा. त्यांचा आवाज वाढवण्यापेक्षा खोलीचा आवाज कमी करणं सोपं आहे.

दुसऱ्या खोलीतून ‘काय?’ असं ओरडू नका. उठून समोर जा.

वाक्य त्यांच्या तोंडून काढून घेऊ नका. ‘पाणी हवंय का?’ असा अंदाज लावण्याआधी मनात पाच आकडे मोजा. मात्र काही जणांना शब्द सुचवलेला आवडतो, म्हणून आधी विचारून घ्या.

कळलं नाही तर ‘हो, हो’ म्हणून मान डोलावू नका. ते लगेच ओळखतात. जेवढं कळलं तेवढं परत सांगा, ‘बँकेत जायचंय एवढं कळलं, कधी?’ म्हणजे त्यांना सगळं वाक्य पुन्हा बोलावं लागत नाही.

दुकानात, दवाखान्यात लोक त्यांच्याऐवजी तुमच्याशी बोलायला लागतील. ‘यांना काय होतंय?’ तेव्हा उत्तर देऊ नका, त्यांच्याकडे बघा. बुद्धी जागेवर आहे, फक्त आवाज हळू आहे, हे समोरच्याला तेवढ्यानेच कळतं.

जबरदस्तीने कुजबुजायला लावू नका, त्यानेही घशावर ताण येतो. पाणी भरपूर द्या. शिक्षक असाल, सूत्रसंचालन करत असाल, क्रिकेटच्या मॅचची कॉमेंट्री करत असाल, तर छोटा माइक घ्या. त्यात कमीपणा काही नाही.

आणि ‘काही नाही, जाऊ दे’ हे वाक्य ऐकू आलं, की तिथून उठू नका. ‘नाही, सांग ना,’ म्हणा आणि खरंच थांबा. पहिल्या वेळी कदाचित ती सांगणार नाही. दुसऱ्या वेळी तुमच्याकडे नीट बघेल. तिसऱ्या वेळी जोक सांगेल. तो पूर्ण व्हायला मिनिटभर लागेल, पण हसायला तुम्ही तिथे असाल.